सत्तावीस काडेपेट्या

काल सांगितलं होतं,
घरातलं मीठ आणा, काडेपेटीत मावेल एवढंच.
आज बाकांवर सत्तावीस काडेपेट्या.
एकीत दोन काड्या तशाच राहिलेल्या,
एकीत मिठाऐवजी साखर. किम्मतशोची.
म्हणाला, आमच्याकडे पांढरं ते एवढंच होतं.

खिडकीबाहेर पांज नदी, पलीकडचा काठ अफगाणिस्तानचा.
समुद्र कुणीच पाहिलेला नाही.
भिंतीवरच्या नकाशात तो ज्या कोपऱ्यात आहे
तिथेच नेमका कागद फाटलाय.

जिल्ह्याहून आलेली बाटली अंगठ्याएवढी.
मिठात आयोडीन असलं तर थेंबाखाली जांभळं होतं,
नसलं तर पांढरंच राहतं.
नेककदम : पांढरं.
सवरीनिसो : पांढरं.
जुळे भाऊ, एकाच घरच्या दोन पेट्या : पांढरं, पांढरं.
दौलतमोचं जांभळं झालं आणि वर्ग ओरडला.
ती रडवेली, तिला वाटलं
आपलंच काहीतरी बिघडलं.
साखर सोडून सव्वीस. त्यांत जांभळी चार.

सवरीनिसोचे आजोबा डोंगरातून मीठ खणतात.
गुलाबी धोंडे, गाढवाच्या दोन्ही अंगांना पोती.
सगळ्या गावाच्या चहात, दुधात,
कणकेत, मयतीच्या जेवणात
त्यांचंच मीठ, त्यांच्या आजोबांपासून.
ती उभी राहिली : आमचं मीठ खोटं आहे का, बाई?
मी फळा पुसायला घेतला.
फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेट्या पुन्हा आल्या, न मागता.
जांभळं, जांभळं, जांभळं,
किम्मतशोसुद्धा जांभळा.
एका रात्रीत गाव बदलत नाही,
फार तर उसनं मागायला बाहेर पडतं.
दौलतमोच्या आईने दार उघडता उघडता
बरणीचा तळ गाठला होता.

रागावणार कुणावर?
माझीही एक काडेपेटी होती,
कालपासून कोटाच्या खिशात, न उघडलेली.
टेबलावर ठेवली. थेंब टाकला.
पोरं वाकून बघत राहिली.
मीही बघत राहिले,
जरा वेळ दिला तर होईल म्हणून.

आईचा रुमाल भर उन्हाळ्यातही गळ्याशी दोन वेढे घेतलेला.
लहानपणी वाटायचं, केस पिकतात
तशीच म्हातारपणी मान भरते.
आणि धाकटा, सहा वर्षं पहिलीच्या बाकावर.
मास्तर त्याला ढ म्हणायचे.
मीही म्हणायचे.
आता मेंढ्या राखतो. वीसपर्यंत मोजतो,
मग पुन्हा एकपासून.
कशाने काय झालं, आता कोण सांगणार.
थेंब फक्त मिठावर टाकता येतो.

शनिवारी आजोबा आले, काखेत धोंडा.
म्हणाले, टाक यावर.
टाकला. ओघळ खाली गेला, रंग न बदलता.
बराच वेळ बोलले नाहीत.
मग : हे तुझं जांभळं यात कालवता येतं का?
म्हटलं, त्याला यंत्र लागतं, इथे नाही.
तयार पुड्या खोरोगला मिळतात.
दर विचारला. महाग आहे म्हणाले.
पुन्हा विचारला.
दारात थांबून गाढवाच्या पाठीवरची घडी नीट केली.
मीठ पोचवणं आमच्याकडेच राहील,
एवढंच बोलले, आणि धोंडा टेबलावर विसरून गेले.
की ठेवून गेले.
आता वह्या त्याखाली दाबून ठेवते.
मधल्या सुट्टीत कुणीतरी तो चाटतं, हे मला माहीत आहे.

पहिली पुडी मीच घेतली.
झाकणाच्या डब्यात भरली, चुलीपासून लांब,
आईचा हात पोचेल अशा फळीवर.
संध्याकाळी चहा उतरवला आणि मग मीठ घातलं.
आईने घोट घेतला.
म्हणाली, याला डोंगराची चव नाही.
नाही, म्हटलं.
रुमाल जरा सैल करून
तिने दुसरा घोट घेतला.